कातडी, हाडे आणि स्नायू : म्हातारपणाची पायाभरणी

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



"वाढत्या वयाचा शरीरावर काय परिणाम होतो, यावर चार शब्द बोला" असा निरोप चिटणीस साहेबांकडून आला, तेव्हा मी थोडा विचारात पडलो. या सभागृहात निम्मे श्रोते शाळा-कॉलेजातील मुले-मुली. त्यांना म्हातारपणाचे काय सांगायचे? पण विचार करता माझ्या लक्षात आले की हा विषय म्हाताऱ्यांपेक्षा तुमचाच अधिक आहे. तसे का, ते भाषणाच्या ओघात स्पष्ट होईल.

आपला देश स्वतंत्र झाला तेव्हा भारतीय माणसाचे सरासरी आयुर्मान अवघे ३२ वर्षांच्या आसपास होते. आज ते सत्तरीच्या घरात आहे. २०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेल्यांची संख्या १० कोटींहून अधिक भरली. म्हणजे पूर्वी ज्या वयाला फार थोडी माणसे पोहोचत, त्या वयाला आज घरोघरचे बुजुर्ग पोहोचत आहेत. आयुष्य वाढले ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु वाढलेली ही वर्षे माणूस चालता-फिरता काढणार की खाटेवर काढणार, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर बऱ्याच अंशी तीन गोष्टींवर अवलंबून असते: कातडी, हाडे आणि स्नायू.

त्वचा : शरीराची वेस

प्रथम त्वचेचा विचार करू. मोठ्या माणसाच्या अंगावरील त्वचा पसरली तर ती दीड ते दोन चौरस मीटर भरेल. तिचे दोन मुख्य थर असतात. वरची ती बाह्यत्वचा आणि खालची ती अंतस्त्वचा. बाह्यत्वचेच्या पेशी खालून तयार होऊन वर सरकतात आणि शेवटी कोंड्यासारख्या गळून पडतात. तरुणपणी हा फेरा साधारण महिन्याभरात पुरा होतो. वय वाढते तसा तो लांबत जातो, म्हणून म्हाताऱ्या माणसाची जखम भरायला वेळ लागतो.

अंतस्त्वचेत कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे मजबूत धागे असतात आणि इलॅस्टिनचे लवचीक धागे असतात. पलंगाच्या नवारीची उपमा दिली तर वावगे ठरू नये. नवार नवी असते तोवर माणूस उठला की ती पुन्हा ताठ होते, आणि जुनी झाली की झोळ तसाच राहतो. तारुण्य सरल्यावर त्वचेतील कोलॅजेन दरवर्षी सुमारे एक टक्का कमी होत जाते. तेल आणि घाम निर्माण करणाऱ्या ग्रंथी मंदावतात, त्यामुळे कातडी कोरडी पडते, खाज सुटते आणि उन्हाळा सोसवत नाही. कातडीखालची चरबीची गादी झिजते आणि रक्तवाहिन्यांचा आधार कमी होतो. म्हणूनच नुसता दाराचा धक्का लागला तरी आजीच्या हातावर काळा-निळा डाग उमटतो. तो पाहून घरच्यांनी घाबरून जाण्याचे कारण नसते. मात्र डाग वारंवार किंवा विनाकारण उठू लागले, तर डॉक्टरांना जरूर दाखवावे.

कातडीचे सगळेच म्हातारपण वयामुळे येत नाही. त्यात उन्हाचा वाटा फार मोठा आहे. २०१२ साली एका प्रसिद्ध अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात एका ६९ वर्षांच्या ट्रक ड्रायव्हरचे छायाचित्र छापून आले. या माणसाने २८ वर्षे ट्रक चालवला होता. अमेरिकेत ड्रायव्हर डाव्या बाजूस बसतो, त्यामुळे खिडकीतले ऊन सतत डाव्या गालावर. त्याच्या चेहऱ्याची उजवी बाजू वयाला शोभेल अशी होती आणि डावी बाजू खोल सुरकुत्यांनी भरून गेलेली. माणूस एक, वय एक, पण दोन गालांची दोन वये! बिडी-सिगरेटचा धूरही त्वचेवर असाच परिणाम करतो, हे तरुण मित्रांनी ध्यानात ठेवावे.

येथे आणखी एक इशारा देणे मी माझे कर्तव्य समजतो. गोरे दिसण्यासाठी दुकानातून परस्पर आणलेली मलमे आपल्या मुली तोंडाला लावतात. यांपैकी कित्येकांत स्टेरॉइड असते. चार दिवस चेहरा उजळल्यासारखा दिसतो. पुढे कातडी पातळ होते, लाल पडते, पुरळ उठतात. म्हणजे विसाव्या वर्षी मुलगी पैसे देऊन साठीची कातडी विकत घेते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय असे मलम घरात येऊ देऊ नका.

ऊन वैरी, तसेच ऊन मित्र

उन्हाची एक बाजू सांगितली, आता दुसरीही सांगतो. सूर्यप्रकाशातील विशिष्ट किरण त्वचेवर पडले की तेथे ड जीवनसत्त्व बनू लागते. हे नसेल तर आपण खाल्लेला कॅल्शियम आतड्यातून नीट शोषला जात नाही आणि मग हाडांपर्यंत पोहोचत नाही. म्हणजे हाडांचे दार त्वचेतून उघडते. पण सत्तरीच्या माणसाची त्वचा तरुणाच्या मानाने निम्म्याहून कमी ड जीवनसत्त्व बनवते. नेमकी ज्याला गरज अधिक, त्याचीच क्षमता कमी.

भरपूर ऊन असलेल्या आपल्या देशात ड जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते. याचे कारण साधे आहे: आपण उन्हात जातच नाही. बंद काचेमागे बसून ऊन घेतले तर उपयोग होत नाही, कारण हे किरण काच अडवते. सकाळच्या कोवळ्या उन्हातही ते फार थोडे असतात. आपल्या घरातील स्त्रिया बहुतेक वेळ घरात असतात आणि बाहेर पडताना अंग झाकून पडतात. त्यात बदल करा, असे मी म्हणत नाही. गच्चीवर, परसात किंवा आडोशाच्या अंगणात, अकरा ते दोनच्या दरम्यान, आठवड्यातून काही दिवस वीस-तीस मिनिटे हातापायांवर ऊन घेता येते. धान्य निवडायला गच्चीवर बसले तरी काम होते. ज्यांना तेही शक्य नाही, त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने ड जीवनसत्त्वाचे औषध घ्यावे. मात्र ते मनाने वाटेल तितके घेऊ नये. अति झाले तर तेही बाधते.

हाडे : जिवंत बांधकाम

हाड म्हणजे निर्जीव दगड, अशी पुष्कळांची समजूत असते. ती चुकीची आहे. हाड जिवंत असते. त्यात जुना भाग पोखरून काढणाऱ्या पेशी असतात आणि नवे हाड घालणाऱ्याही असतात. गवंडी आणि मोडणारे मजूर एकाच इमारतीवर रात्रंदिवस राबत असावेत, तसे हे काम चालते. सुमारे दहा वर्षांत सबंध सांगाडा अशा रीतीने नवा होतो. शरीरातील ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत साठवलेला असतो. रक्तात तो कमी पडला की शरीर हाडांच्या पेढीतून काढून घेते.

लहानपणी आणि तरुणपणी या पेढीत भरणा अधिक, उचल कमी. तिशीच्या सुमारास शिल्लक सर्वांत जास्त असते. त्यानंतर उचल हळूहळू वरचढ होते. स्त्रियांमध्ये पंचेचाळीस-पन्नाशीच्या सुमारास पाळी थांबते, इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होते आणि पोखरणाऱ्या पेशींवरचा लगाम सुटतो. त्यानंतरच्या पाच-सात वर्षांत काही स्त्रियांच्या हाडांचा २० टक्क्यांपर्यंत साठा निघून जातो. रजोनिवृत्तीचा आणि ठिसूळ हाडांचा हा संबंध अमेरिकेतील डॉ. फुलर ऑलब्राइट यांनी १९४१ च्या सुमारास मांडला. या विकाराला अस्थिसुषिरता किंवा ऑस्टिओपोरोसिस म्हणतात.

हा विकार मोठा कावेबाज आहे. गुडघ्याची झीज दुखते, ओरडते, माणसाला दवाखान्यात आणते. अस्थिसुषिरता दुखत नाही. मांडवाचे बांबू आतून कीड खात असावी आणि वरून मांडव शाबूत दिसावा, तसा प्रकार असतो. मनगट मोडले, मणका दबला किंवा खुबा मोडला की मगच कळते. आजीची उंची कमी झाली, पाठ वाकली, याला आपण "वय झाले" म्हणतो. पुष्कळदा तो मणक्यांचा गुपचूप झालेला अस्थिभंग असतो.

स्नायू : विसरलेली दौलत

तिसरी गोष्ट स्नायूंची. शरीराच्या वजनाचा सुमारे ४० टक्के भाग त्यांचा असतो. तिशीनंतर दर दहा वर्षांनी स्नायूंचा ३ ते ८ टक्के भाग कमी होत जातो आणि साठीनंतर हा वेग वाढतो. गंमत अशी की वजनकाट्यावर काहीच दिसत नाही, कारण गेलेल्या स्नायूची जागा चरबी घेते. या ऱ्हासाला १९८९ साली अर्विन रोझेनबर्ग यांनी सार्कोपेनिया हे नाव सुचवले. तोपर्यंत वैद्यकशास्त्रात त्याला नावसुद्धा नव्हते, मग लक्ष कोण देणार?

स्नायूंत दोन प्रकारचे तंतू असतात. काही संथपणे दीर्घकाळ काम करणारे, तर काही झटक्यात जोर लावणारे. म्हातारपणी झटक्याचे तंतू अधिक झिजतात. पाय घसरला की तरुण माणूस दुसरा पाय चटकन पुढे टाकून सावरतो. म्हाताऱ्या माणसाला पडतोय हे कळते, पण पाय वेळेवर पुढे येत नाही. शिवाय जेवणानंतर रक्तातील साखरेचा मोठा वाटा स्नायूच उचलतात, त्यामुळे ते झिजले की मधुमेहाला वाट मिळते.

आता पाहा, ही तीन खाती वेगवेगळी नाहीत. त्वचेने ड जीवनसत्त्व बनवावे, त्याने हाडाला कॅल्शियम मिळावा आणि स्नायूने हाड ओढून त्याला मजबूत ठेवावे. हाडावर जसा भार पडतो तसे ते घडते, हा नियम जर्मनीचे डॉ. ज्युलियस वोल्फ यांनी १८९२ साली ग्रंथरूपाने मांडला. टेनिस खेळणाऱ्याच्या बॅट धरणाऱ्या हाताचे हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असते. उलट अंतराळवीरांच्या पायांवर भार नसतो, तर त्यांच्या खुब्याचे हाड महिन्याला एक ते दीड टक्का या वेगाने कमी होते. ती निवडक, धडधाकट माणसे असतात, तरीही!

माझ्या घरची गोष्ट

मंडळी, आता थोडे घरचे सांगतो. माझी नानी एकाहत्तर वर्षांची असताना पहाटे वझूसाठी उठली आणि ओल्या न्हाणीत घसरली. खुबा मोडला. शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली. डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी तिला आधाराने उभे करायला सांगितले होते. पण घरी आणल्यावर आम्ही सर्वांनी एकच धोशा लावला: "नानी, तू उठू नकोस. आम्ही आहोत ना!" चहा खाटेवर, जेवण खाटेवर. मी त्या वेळी वैद्यकीचा विद्यार्थी होतो आणि मीही तिला उठवले नाही. तिला दुखते ते बघवत नव्हते.

पुढे मी २००७ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग वाचला. त्यात सदुसष्टच्या आसपास सरासरी वय असलेल्या धडधाकट माणसांना केवळ दहा दिवस अंथरुणावर ठेवले होते. तेवढ्यात त्यांच्या पायांचा सुमारे एक किलो स्नायू गेला. नानी तर पाच महिने पडून होती. आधी पायांची काटकुळी झाली, मग पाठीला जखमा झाल्या, मग छातीत कफ साठला. आठव्या महिन्यात ती गेली. खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण पाचांतील एक जण वर्षाच्या आत दगावतो, हे जगभरचे अनुभव सांगतात. नानी त्यांतली एक झाली. नशिबाला बोल लावून मोकळे होता येते. पण आमची माया चुकीच्या जागी पडली, हे मी स्वतःला अजून सांगत असतो.

आणि याची सुरुवात त्या पहाटे झाली नव्हती. अम्मीने आणि मामींनी त्याआधी दहा वर्षांपासून तिच्या हातून एकेक काम काढून घेतले होते. पाणी भरू नकोस, जिना चढू नकोस, खाली बसू नकोस. आम्ही तिचा मान ठेवत होतो. शरीर मात्र समजत होते की आता याची गरज उरली नाही.

नव्वदीतही उशीर नाही

निराश होऊ नका. १९९० साली अमेरिकेतील बॉस्टन येथे डॉ. मारिया फियाटारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमातील दहा जणांना पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला. त्यांचे सरासरी वय ९० होते. नऊ जणांनी आठ आठवडे तो पुरा केला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीच्या माणसाचा स्नायूही शिकवला तर शिकतो, हे यावरून सिद्ध झाले.

शास्त्राने हे अलीकडे मोजून दाखवले, पण विचार जुनाच आहे. हकीम इब्न सीना यांनी हजार वर्षांपूर्वीच्या 'अल्-कानून' ग्रंथात वृद्धांच्या दिनचर्येचा वेगळा विचार केला आहे. बेताचे अन्न, तेलाची मालीश आणि झेपेल इतके चालणे यांवर त्यांचा भर होता.

घरच्या घरी एक परीक्षा घेता येते. बुजुर्गांना साध्या खुर्चीवर बसवा, हात छातीवर घडी करायला सांगा आणि हाताचा आधार न घेता पाच वेळा उठून बसायला सांगा. शेजारी कोणीतरी उभे राहा. याला पंधरा सेकंदांहून अधिक वेळ लागला, तर स्नायूंकडे लक्ष देण्याची वेळ आली असे समजावे. हीच परीक्षा रोज व्यायाम म्हणूनही चालते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितल्याप्रमाणे आठवड्यात किमान १५० मिनिटे चालणे, दोन दिवस स्नायूंना जोर देणारा व्यायाम आणि वृद्धांसाठी तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव, एवढे पुरे. ज्यांना हृदयविकार आहे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

घरातही थोडी डागडुजी हवी. न्हाणीत धरायला दांडी बसवा, फरशी कोरडी ठेवा, रात्री एक मंद दिवा चालू असू द्या. सरकणारी चटई काढून टाका. मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहू नका. आणि सांधेदुखीवर कोणी पुडीतून "जादूची" भुकटी देत असेल, तर सावध राहा. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले असते. दुखणे थांबते, हाडे मात्र पोखरतात.

खरी पायाभरणी

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. वाढीच्या ऐन भरातील दोन वर्षांत माणूस आपल्या हाडांच्या एकूण साठ्यापैकी सुमारे पाव हिस्सा कमावतो. मुलींमध्ये हा काळ साडेबारा वर्षांच्या, तर मुलांमध्ये चौदा वर्षांच्या आसपास येतो. अठराव्या वर्षापर्यंत मुलीच्या हाडांचा जवळजवळ ९० टक्के साठा जमा झालेला असतो. पुढे ती आयुष्यभर त्यातूनच खर्च करते.

आणि आपण काय करतो? मुलगी बारा वर्षांची झाली की म्हणतो, "आता मोठी झालीस, खेळणे पुरे, घरात बस." भावाला दुधाचा पेला, तिला चहा. ज्या वर्षी हाडांना उन्हाची, उड्यांची आणि दुधाची सर्वांत जास्त गरज, त्याच वर्षी आपण तिघांनाही दार लावतो. माझ्या नानीचे लग्न चौदाव्या वर्षी झाले होते. तिचा खुबा मोडला एकाहत्तराव्या वर्षी. पण तो कच्चा राहिला, तो बहुधा त्या वयातच.

पालकांनो, याला फार पैसा लागत नाही. वाढत्या मुलाला दिवसाला सुमारे एक हजार मिलिग्रॅम कॅल्शियम हवा. शंभर ग्रॅम नाचणीत तो साडेतीनशेच्या आसपास असतो, पेलाभर दुधात दोनशेहून अधिक. तीळ, दही, काट्यासकट खाल्ली जाणारी मांदेली, सुका जवळा हे सारे आपल्याच स्वयंपाकघरातले आहे. सोबत डाळ, अंडी, मासे यांतून प्रथिने मिळतात. ती बुजुर्गांच्या ताटातही कमी पडू देऊ नका. "वय झाले, आता पेज पुरे" हे म्हणणे चुकीचे आहे.

संस्थेच्या चालकांना माझी एक नम्र विनंती आहे. मुलींसाठी आडोसा असलेले खेळाचे मैदान आणि वेळापत्रकात रोज खेळाचा तास, एवढे द्या. दोरीच्या उड्या, लंगडी, खो-खो, काहीही चालेल. विद्यार्थ्यांना मी एवढेच सांगेन की आज घरी गेल्यावर आजीचा हात धरून तिला अंगणात चार फेऱ्या मारायला न्या. तिने नको म्हटले तरी आर्जव करा. तिचे स्नायू टिकतील, तुमची हाडे बनतील, आणि दोघांनाही ऊन मिळेल.